चाराच्या जागी सात

"एकोणीस अंश, सात मिनिटं," गुरुदत्तने वहीतल्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं आणि मिलिंद साळवे चष्मा कपाळावर ढकलून हातातल्या यंत्राची बटणं दाबू लागला. यंत्र जुन्या मोबाइलएवढं. एकेक आकडा बटणाने वर-खाली करत आणायचा आणि बोट जरा घसरलं की पुन्हा शून्यापासून.

"थांब रे, पळू नकोस. सात पुढे गेला माझा."

कुळगावच्या त्या गॅलरीत दोघे तासभर हेच करत बसले होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात दोघांनी बावीस वर्षं काढली होती. मिलिंद लेथवर, गुरुदत्त तपासणीला. केसाएवढा फरक निघाला तरी गुरुदत्त माल परत पाठवायचा, मिलिंद शिव्या घालत नवा करून आणायचा. दोस्ती झाली ती त्यातूनच.

निवृत्त झाल्यावर गुरुदत्तला उल्हास नदीवर गळ टाकण्याचा नाद लागला. दर पावसाळ्यात पूर येई आणि काठावरच्या पायवाटा, झुडपं, खुणेचे दगड सगळं पुसून टाकी. डोह मात्र जागच्या जागी. म्हणून त्याने उल्हासनगरच्या एका दुकानातून जुनं जीपीएस यंत्र आणलं आणि मासे लागतात त्या प्रत्येक जागेचे आकडे वहीत उतरवले. ती वही त्याने कुणाच्या हाती दिली नव्हती.

पण मिलिंदची गोष्ट वेगळी. बायको गेल्यापासून वर्षभर तो टीव्हीसमोरून हलला नव्हता. शेवटी त्याच्या मुलीने, प्रीतीने, पुण्याहून तसलंच यंत्र पाठवलं आणि 'गुरुकाकांकडे जा' म्हणून रोज फोन लावला. आता दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

चार जागा झाल्या. मिलिंदने चहाचा घोट घेतला.

"आणि तो मोठा डोह? कटला मासा लागला होता तो?"

गुरुदत्तने पान उलटलं. ओळ समोरच होती. एकोणीस अंश, सात मिनिटं, पॉइंट चार दोन सहा. तीन वर्षं काट्याकुट्यांतून फिरून शोधलेली जागा.

"पॉइंट," तो म्हणाला आणि त्याने तळहात वहीवर ठेवला. "सात. दोन. सहा."

"सात... दोन... सहा," मिलिंदने शहाण्या विद्यार्थ्यासारखं म्हटलं. "नाव काय देऊ? 'गुरु' टाकतो. तुझीच जागा ती."

एका आकड्याने माणूस अर्धा किलोमीटर भलतीकडे जाणार होता. तिकडे नदीला वळण होतं आणि काठाला नुसती काटेरी झाडी. फिरेल, दमेल, परत येईल. बाकीच्या चार जागा आहेतच की, अशी गुरुदत्तने मनाची समजूत घातली. तरी त्या रात्री जेवताना त्याने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही. त्याच्या बायकोने, कुंदाने, नुसतं पाहिलं.

रविवारी तो स्वतः मोठ्या डोहावर गेला. काठावर चिटपाखरू नव्हतं. दुपारपर्यंत गळ पाण्यात, पण एक झटका नाही. मोकळी पिशवी घेऊन तो घरी आला, आंघोळ करून आडवा होतो आहे तोच बेल वाजली.

दारात मिलिंद. शर्टाची बाही फाटलेली, हातांवर ओरखडे, तोंड उन्हाने लाल, आणि खांद्यावर ओलं गोणपाट.

"वहिनी, परात आणा! मोठी आणा!"

परातीत कटला मावेना; शेपूट बाहेर लोंबत राहिलं.

"सात किलो," मिलिंद म्हणाला. "काय जागा आहे रे! वाट म्हणून नाही. नुसते काटे. मध्ये एका म्हाताऱ्याचं भाताचं शेत लागलं, तो म्हणतो, इथं कुठं चाललाव? मलाही वाटलं, चुकलो आपण. पण मशीन म्हणतंय, अजून पुढे. म्हटलं, आकडा गुरुने दिलाय, गुरुचा आकडा चुकायचा नाही. शिरलो झाडीत. आणि खाली बघतो तर हिरवंगार पाणी, शांत!"

तो बोलतच सुटला. गळाला ओढ कशी लागली, दोर कसा सुटला, पाय कसा घसरला. वर्षभरात तो एवढा बोलला नसेल. मध्येच प्रीतीचा फोन आला तेव्हा तिलाही "काकांची जागा, काकांची जागा" असं दहादा सांगून झालं.

"कटल्याचं डोकं तुझं," तो गुरुदत्तला म्हणाला. "जागा तुझी, तर डोकं तुझं. वहिनी, कालवण करा फक्कड."

कुंदा परात घेऊन आत गेली. गुरुदत्त उठला, कपाटातून वही काढली आणि ते पान उघडून मिलिंदच्या मांडीवर ठेवली.

"हा आकडा वाच."

मिलिंदने चष्मा खाली ओढला. ओठ हलवत वाचलं. खिशातून यंत्र काढलं, पुन्हा वाचलं.

"इथे चार आहे."

"हो."

"तू सात म्हणालास."

"मुद्दाम म्हणालो," गुरुदत्त म्हणाला. "जीव झाला नाही द्यायचा."

आत तव्यावर काहीतरी चुरचुरलं. मिलिंदने चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

"म्हणजे मी गेलो होतो," त्याने सावकाश विचारलं, "त्या जागी तू कधी गेलाच नाहीस?"

"नाही."

"तुला ती माहीतही नव्हती."

"नव्हती रे."

मिलिंदने वही मिटली आणि परत केली. खरा आकडा त्याने उतरवून घेतला नाही. यंत्र हातात धरून तो एकेक बटण दाबत बसला. जागेचं नाव बदलत होता. एकेक अक्षर आणायला वेळ लागत होता आणि हसू दाबताना त्याच्या मिशा हलत होत्या.

"रविवारी साडेपाचला नाक्यावर ये," तो म्हणाला. "दाखवतो तुला माझा डोह. आणि पुढे मी चालणार, तू मागून यायचं."