न पाहिलेल्या दिवसाचे चित्र

मित्रांनो, आधी एक ताकीद. माझ्या नळीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळा कायमचा जाईल. मी सूर्याची दुर्बीण आहे. मी सूर्य डोळ्यात नाही, कागदावर उतरवते. माझ्या मागच्या टोकाला एक लाकडी फळी आहे. तिच्यावर वीतभर रुंदीचे वर्तुळ छापलेला पांढरा कागद लावायचा, माझे झाकण काढायचे, की त्या वर्तुळात सूर्य येऊन बसतो. मग त्यावर जे डाग दिसतील ते पेन्सिलीने जिथल्या तिथे काढायचे. एवढेच माझे काम. ते मी बावन्न वर्षे केले. आता सात वर्षे झाली, माझ्यासमोर कुणी कागद लावलेला नाही.

माझे भिंग एका म्हाताऱ्या कारागिराने सहा महिने घासले. थोडे घासायचा आणि बाजूला ठेवायचा. हाताच्या उबेनेही काच फुगते, म्हणून ती गार होईपर्यंत तो माप घेत नसे. "गार होऊ दे हिला, तोवर चहा," असे म्हणून तो उठे. त्या सहा महिन्यांत त्याने काच जास्त घासली की चहा जास्त प्यायला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण भिंग असे उतरले की सूर्यावरचा मोहरीएवढा डागही माझ्या नजरेतून सुटत नसे.

मला एका टेकडीवरच्या वेधशाळेत बसवले. खोली लहान, छताला सरकते दार, कोपऱ्यात एक टेबल आणि त्यावर टोक केलेल्या पेन्सिलींचा डबा. पहिली अठरा वर्षे एक खोकणारे गृहस्थ चित्रे काढत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तेवीस वर्षांची एक मुलगी आली. पुढे सगळे तिला "डागवाल्या बाई" म्हणू लागले. मी मात्र तिला नुसते बाई म्हणते.

बाईंचा हात फार चांगला होता. डागाचा काळा गाभा मऊ पेन्सिलीने, त्याभोवतीची करडी किनार कठीण पेन्सिलीने. कागदावरचा ठिपका आणि सूर्यावरचा डाग यांत घोटाळा होऊ नये म्हणून त्या फळीला हळूच टिचकी मारत. कागद हलला तरी जो जागचा हलत नाही तो सूर्याचा. ढग असले तर वर्तुळ रिकामे ठेवून खाली लिहायचे, "ढगाळ". चित्राखाली शेऱ्याची एक ओळ असे. वारा होता का, धूळ होती का, सूर्याची कड थरथरत होती का, ते त्या ओळीत जाई.

डाग म्हणजे सूर्याला लागलेली घाण नव्हे, मित्रांनो. सूर्याच्या आतली चुंबकशक्ती जिथे उसळून बाहेर येते, तिथे खालून येणारी उष्णता अडते. ती जागा आजूबाजूपेक्षा थंड राहते, म्हणून काळी दिसते. हे डाग वाढत वाढत जातात, मग कमी होत होत जवळजवळ नाहीसे होतात, आणि पुन्हा वाढू लागतात. एका फेऱ्याला साधारण अकरा वर्षे लागतात. प्रत्येक फेऱ्यात सूर्याच्या चुंबकाची टोके उलटतात, उत्तरेचे दक्षिण आणि दक्षिणेचे उत्तर होते. बाईंनी माझ्याजवळ बसून असे तीन फेरे पाहिले. चौथा सुरू झाला होता.

शेजारच्या मोठ्या घुमटात एक माणूस रात्रपाळीला असे. तो दूरच्या ताऱ्यांचे चुंबक मोजायचा. त्याला सगळे "तारेवाले" म्हणत. एकदा नव्या पहारेकऱ्याने हे नाव ऐकले आणि दारावरची घंटा बंद पडली तेव्हा तार जोडायला त्यालाच झोपेतून उठवून आणले. गंमत म्हणजे त्याने ती जोडूनही दिली.

बाई सकाळी जिना चढायच्या तेव्हा तारेवाले उतरत असायचे. आधी नुसती मान हलली, मग दोन शब्द झाले, मग दोघांनी लग्न केले. घर टेकडीच्या पायथ्याशी होते, जाड पडद्यांचे. एक दिवसा झोपणार, एक रात्री. "आमच्या संसारात एक उशी वाचली," असे बाई हसून सांगत. दोघांचा डबा एकच. सकाळी जिन्यावर तो रिकामा होऊन बाईंच्या हाती यायचा आणि संध्याकाळी, वेधशाळेच्या खानावळीतून भरून, त्याच जिन्यावर परत जायचा.

तारेवाले कधी कधी घरी जाण्याआधी माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसत.

"तुझं बरं आहे," ते बाईंना म्हणत. "तुझा सूर्य जवळ. त्याचे डाग बोटानं दाखवता येतात. माझा तारा म्हणजे टाचणीचं टोक."

"मग तुम्हाला त्याचे डाग कळतात तरी कसे?"

"डाग नाही कळत. उजेड फोडून बघतो. ताऱ्याचं चुंबक जागं झालं की त्याच्या उजेडातला एक जांभळा रंग जरा जास्त पेटतो. कॅल्शियमचा. तो दरवर्षी मोजत राहायचा."

त्यांच्या यादीत सत्तर तारे होते. कुणाचा फेरा सात वर्षांचा, कुणाचा तेरा. जे तारे तरुण आणि भरभर फिरणारे, ते कसलाच नियम न पाळता धुमाकूळ घालत. सूर्यही त्याच मापाने मोजता यावा म्हणून ते चंद्रावर पडून परतलेला सूर्यप्रकाश आपल्या यंत्रात घेत आणि बाईंच्या आकड्यांशी ताडून बघत. बाईंची चित्रे नसती तर सूर्याला त्या रांगेत उभेच करता आले नसते.

सत्तरांपैकी एका ताऱ्यावर त्यांचा जीव होता. वयाने, आकाराने, फिरण्याच्या गतीने तो थेट आपल्या सूर्यासारखा. पण पहिली पाच वर्षे एका फेऱ्याचा उतार दाखवून तो जो गप्प झाला, तो गप्पच राहिला. वर्षामागून वर्षे सपाट रेघ. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपला सूर्यही सत्तर वर्षे असाच जवळजवळ बिनडागाचा झाला होता. तो झोपला कसा आणि उठला कसा, हे आजही नीट कळलेले नाही. "हा तारा उठताना कुणी पाहिला," तारेवाले म्हणत, "तर आपल्या सूर्याबद्दलही काही कळेल. म्हणून मी डोळा हलवत नाही."

आता मी माझ्यावर आलेल्या आळाची गोष्ट सांगते.

एका वर्षी बाईंची आई अत्यवस्थ झाली. बाईंना अकरा दिवस दूर जावे लागले. "चित्रांची काळजी करू नकोस, मी काढतो," तारेवाल्यांनी सांगितले. रात्रभर ताऱ्यांपाशी आणि सकाळी माझ्यापाशी, असे पाच दिवस त्यांनी रेटले. सहाव्या दिवशी आकाश लख्ख होते, पण माझे झाकण कुणी काढले नाही. दिवस मावळताना ते धावत आले. केस विस्कटलेले, चपला उलट्या पायांत. त्यांनी छताचे दार उघडले, तेव्हा सूर्य टेकडीमागे गेलेला होता. मग आदल्या दिवसाचे चित्र समोर घेतले, नवा कागद घेतला आणि तेच डाग थोडे पुढे सरकवून काढले. एका दिवसात सूर्य किती फिरतो, हे त्यांना पाठच होते.

आईला अखेरचा निरोप देऊन बाई परतल्या. दोन महिन्यांनी एक पत्र आले. जगभरातले डागांचे आकडे जिथे गोळा होतात त्या कार्यालयाचे. अमुक तारखेला इतर सर्वांना सूर्याच्या मध्याजवळ डागांचा एक नवा गट दिसला, तो तुमच्या चित्रात कसा नाही, अशी विचारणा होती.

बाईंनी ते चित्र गठ्ठ्यातून बाहेर काढले, पाहिले, आणि त्यांचा पहिला संशय माझ्यावर आला. "भिंग धूसर झालं असणार," त्या म्हणाल्या. मित्रांनो, मला त्या दिवशी सुटे सुटे केले. भिंग काढून उजेडात धरले, धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मला तोंड असते तर मी ओरडले असते. ज्या हातांनी मला एवढी वर्षे जपले, तेच हात मला आंधळी समजत होते.

तारेवाले दारात येऊन थांबले. बाईंच्या हातात भिंग होते.

"तिला दोष देऊ नकोस," ते म्हणाले. "त्या दिवशी तिचं झाकणच निघालं नव्हतं."

"म्हणजे?"

"झोप लागली मला. उठलो तेव्हा सूर्य गेला होता. तुझी मालिका तुटू नये म्हणून… आदल्या दिवसावरून काढलं."

बाईंनी भिंग आधी टेबलावर नीट ठेवले. मग म्हणाल्या, "रिकामं ठेवायचं होतंत ना. 'पाहिलं नाही' एवढं लिहायचं होतं. तुमच्या ताऱ्याची एक रात्र अशी भरली असतीत तुम्ही?"

बाईंनी शाई घेतली आणि त्या चित्रावर आडवे लिहिले, "हे चित्र पाहून काढलेले नाही." तसेच त्या कार्यालयालाही कळवले, स्वतःच्या सहीने, नवऱ्याचे नाव न घेता. त्या वर्षीच्या त्यांच्या सगळ्या आकड्यांपुढे तिथे एक खूण पडली. शंकास्पद. ती आजही आहे. त्यानंतर महिनाभर जिन्यावर फक्त डबा इकडून तिकडे गेला, शब्द नाही.

पुढे चार वर्षांनी नवे संचालक आले. त्यांनी तारेवाल्यांची वही चाळली.

"बावीस वर्षं झाली तुम्हाला हे तारे बघताना. अजून किती बघणार?"

"ताऱ्याला विचारून सांगतो," तारेवाले म्हणाले.

संचालकांना विनोद आवडला नाही. किंवा आवडला असेल, पण घुमट दुसऱ्या कामाला हवा होता. यंत्राचे स्क्रू काढले, भाग खोक्यांत गेले. तारेवाल्यांना दिवसपाळीत हिशेबतपासनिसाशेजारी टेबल मिळाले. घरात दुसरी उशी आली. पण ते रात्रभर जागेच असतात, असे बाई मला पुसता पुसता पुटपुटत. बावीस वर्षांची सवय शरीरातून जात नाही.

तीन वर्षांनंतरची ती दुपार मला स्पष्ट आठवते. कागदावर सूर्य होता, बाई डाग मोजत होत्या. तारेवाले हातात एक पत्र आणि बगलेत लांबलचक गुंडाळी घेऊन आत आले.

"उठला," ते म्हणाले.

"कोण?"

"माझा तारा. दुसऱ्या वेधशाळेतल्या एकानं सहज तीन रात्री मोजला. चांगला वर चढलाय. उठला तो, आणि मी तिथं नव्हतो."

त्यांनी गुंडाळी जमिनीवर पसरली. बावीस वर्षांचे ठिपके होते. शेवटची सतरा वर्षे सपाट. मग कोरा कागद. मग अगदी वर, पत्रातले तीन नवे ठिपके. पत्रात त्या गृहस्थाने सुचवले होते की मधे एक सफाईदार वक्र रेघ काढली तर तारा केव्हा उठला याचा अंदाज देता येईल, आणि लेख दोघांच्या नावाने छापता येईल.

बाई गुडघे टेकून खाली बसल्या. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवले.

"रेघ काढणार?"

"नाही," तारेवाले म्हणाले. "पाहिलं नाही ना."

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कागदावरचा सूर्य तोवर वर्तुळाबाहेर सरकून गेला होता. त्या दिवशीचे चित्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काढले.

तारेवाले त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. छातीत कळ आली आणि पहाटे गेले. चौथ्या दिवशी बाई कामावर आल्या. डागांचे चार गट होते, अकरा डाग. त्यांनी ते काढले. काही रेघा दुहेरी उमटल्या. शेऱ्याच्या ओळीत त्यांनी लिहिले, "आकाश स्वच्छ. वारा नाही. हात स्थिर नव्हता."

बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी नेमले गेले नाही. अवकाशातली यंत्रे आता सूर्याची दर मिनिटाला छायाचित्रे घेतात, मग पेन्सिल कशाला, असे ठरले. खरे आहे ते, मी भांडत नाही. माझ्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले, भिंगावर बुरशीचे धागे पसरले. बाईंची दहा हजार चित्रे खोक्यांत भरून तळघरात ठेवली गेली. तिथे डोक्यावर पाण्याचा नळ होता. तो ठिबकतो आहे, असा कागद सफाई कामगाराने वर पाठवला होता. तो कागद आठ महिने एका टेबलावर पडून राहिला.

मागच्या वर्षी ताऱ्यांवर काम करणारी एक तरुण संशोधक आली. झोपी गेलेले तारे आणि आपला सूर्य यांची वर्षानुवर्षांची तुलना तिला करायची होती. त्यासाठी एकाच हाताने, एकाच दुर्बिणीतून काढलेली चित्रे तिला हवी होती. अवकाशातली यंत्रे त्या काळी नव्हतीच. तिने खोकी उघडली आणि ती रडली. माझी खोली उन्हाची आणि रिकामी, म्हणून ओले गठ्ठे तिने इथेच आणून पसरले. टीपकागद, पंखा, बोथट सुरी. एकेक कागद सोडवताना त्याचा लगदा पेन्सिलीच्या रेघांसकट निघून येत होता.

बातमी कळल्यावर बाईही काठी टेकत आल्या. दोघी नऊ दिवस खाली बसून कागद सोडवत होत्या.

"किती वाचतील?" शेवटच्या दिवशी बाईंनी विचारले.

"चार हजारांच्या आसपास. पण मधली अकरा वर्षं पूर्ण गेली, काकू. एक अख्खा फेरा. तो तारा गप्प होता ना, नेमकी त्यातलीच वर्षं."

बाईंनी मान हलवली. मग विचारले, "आकडे तरी कळवलेले आहेत ना त्या वर्षांचे?"

"आकडे आहेत. पण डाग कुठं होते, ते आता कुणालाच कळणार नाही."

बाई उठल्या. पंख्याच्या वाऱ्याने एक कागद उडत होता, त्यावर त्यांनी आपली चष्म्याची डबी ठेवली आणि जिना उतरून गेल्या. डबी न्यायला त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. दुर्बीण दुसरी करता येते. पण तुमच्या घरात, शाळेत, एखाद्या कचेरीत कुणी तरी रोज पाहून, रोज लिहून ठेवलेले काही असेल. पावसाच्या नोंदी असतील, झाडाच्या बहराच्या असतील, आजारी माणसाच्या तापाच्या असतील. ते कुठे ठेवले आहे, एकदा जाऊन बघा. जमिनीवर असेल तर फळीवर ठेवा. वर नळ असेल तर खोकी तिथून हलवा, आणि ती आजच हलवा. सूर्य उद्याही उगवेल, पण तो उद्याचे डाग घेऊन येईल. ती अकरा वर्षे तो पुन्हा दाखवणार नाही.