मधाच्या झाडावरची माझी पाटी

कापुआस नदीच्या वरच्या अंगाला, त्या गगनाला भिडलेल्या झाडाखाली आम्ही चाळीस शहरी पापी रांगेत उभे होतो. धूरमुक्तीदाते सुर्योनोसाहेब भोंग्यावरून गरजत होते, "विमानाचा धूर, गाडीचा धूर, एसीचा धूर! एक पाटी ठोका, सगळं पाप या झाडाच्या पोटात! मी याला कुऱ्हाडीपासून वाचवलंय, त्याचं पुण्य तुम्हाला वाटतोय!" पैसे भरून आपल्या नावाची पाटी ठोकली की पडद्यावरचा तुमच्या धुराचा आकडा गर्रकन शून्यावर यायचा. टाळ्या पडायच्या. एक बाई तर रडली.

मीही रडलो असतो, पण फोटो काढायचा होता. ही माझी तिसरी पाटी. पहिल्या पाटीनंतर मी पोंतियानाक शहरातल्या घरात चौथा एसी बसवला, कुत्र्यासाठी. दुसरीनंतर मोठी गाडी घेतली. पुण्य गाठीशी असताना घाम कोण गाळतो?

मी हातोडी उचलली तोच मागून आवाज आला, "ए शहाण्या, किती खिळे मारशील रे?"

झाडाची मालकीण, सिंजाई आजी. कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आजी, झाड वाचवतोय," मी म्हणालो.

"कुणापासून?"

"कुऱ्हाडीपासून."

"कुणाच्या?"

मी दात्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसायला लागले.

"अरे, मधाचं झाड आहे हे! माझ्या पणजोबांपासून कुणी कुऱ्हाड लावली नाही. लावेल त्याला गाव सोडत नाही. कुणी तोडणारच नव्हतं, तर डोंबलाचं वाचवलंत!"

"आजी, विषय फार सूक्ष्म आहे," दाते म्हणाले.

"मेल्या, माशीही सूक्ष्मच असते, पण ती दिसते तरी! तुझ्या भोंग्यानं नि धुरानं दोन हंगाम एक पोळं लागलं नाही. मधावर नातीची शाळा चालायची. घरी बसलीय पोर."

मी वर पाहिलं. फांद्या रिकाम्या. खाली जनरेटर भकाभका धूर ओकत होता आणि त्याच्याच शेजारी मी तीन वर्षं नाक दाबून, पापमुक्त होत, उभा राहिलो होतो! आणि पडद्यावरचं शून्य? ते दात्यांचा माणूस लॅपटॉपवर टाइप करत होता. धन्य माझी!

मी जनरेटर बंद केला. भोंगा थांबला, पडदा विझला, दाते गाडीकडे सटकले. मग मी माझे तिन्ही खिळे उपटले. आजीनं मदत केली नाही, शिव्या मात्र दिल्या.

बाबांनो, जे झाड उभं राहणारच होतं, ते उभं आहे म्हणून तुमचा धूर कमी होत नाही. कुणी झाड वाचवल्याचं सांगितलं तर आजीसारखं विचारा, कुणापासून? आणि त्याआधी आपला धूर आपणच आवरा.

पुढच्या हंगामात आजीचा निरोप आला. माश्या परतल्या, नात शाळेत गेली. श्रेय घ्यायला मी लगेच विमानाचं तिकीट काढायला बसलो. मग लाज वाटली आणि फोन केला. चौथा एसीही काढून टाकला.

कुत्रा मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.