मुक्तिनाथाहून आलेली

“धू त खरं तिचे पाय, प्रयागबाई. घरचीनं धुतले त गाव बसन पंगतीले,” दौलतराव पाटील ओसरीवरून म्हणाले.

मी तांब्या घेऊन उभी. पाटावर माझी मोठी जाऊ चतुराबाई, लुगडं घोट्याखाली ओढून बसलेली. सन छत्तीसला, विधवा झाल्यावर वर्षभरात, ही बाई एकटी जऊळक्याला आगगाडीत बसली. काशी केली आणि तिथून पायी नेपाळात, थेट मुक्तिनाथ! दोन वर्षांनी परवा उगवली. म्हणे तिथल्या बाया चहात मीठ अन् लोणी घालतात. म्हणे त्यांनी हिला जात न विचारता महिनाभर घरात ठेवलं. थापा माराव्यात, पण पटतील अशा तरी!

यात्रेहून आलेल्या माणसाचे पाय घरच्यांनी धुवायचे, मग गावाने मावंद्याला जेवायचं. गाव जेवलं नाही, तर तिच्या हातचं पाणीही कोणी घेणार नव्हतं.

संशय साऱ्या गावाला होता आणि खरं सांगते, तो मीच पेरला होता. माझा भाऊ म्हणाला, अकोल्याला कापसाच्या एका जिनात हिच्यासारखी बाई कामाला दिसली. पाणवठ्यावर सांगताना मी ‘सारखी’ गाळलं. का नाही गाळणार? ही देव बघत हिंडणार आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं मी काढणार! जळत होते मी.

लुगडं जरा वर सारून पाणी ओतलं. उजव्या पायाला अंगठा आणि एकच बोट.

“अवो जाऊबाई, हे काय वो?”

“बर्फात काळे पडले, गळून गेले. तिथल्या एका बुढीनं लोणी लावून पाय वाचवला.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तुले? तू त दारातच इचारलं, जिनात मन रमलं का म्हणून.”

मी तशीच वळले. “बसा पंगतीले! बोटं गेले बाईचे बर्फात!”

दौलतराव उतरून आले, वाकून नीट पाहिलं. “जिनाच्या पट्ट्यात बी पाय जाते, बाई.”

कोणीतरी फिसकन हसलं. मी तांब्या खाली ठेवून ओरडले.

“जिनाचं मीच उठवलं होतं! खोटं हाय थे, देवाशप्पथ!”

“जाऊच शेवटी. घरची अब्रू झाकून राह्यली,” म्हणत त्यांनी पायात जोडे सरकवले. मागोमाग सारे उठले. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंगणात चाळीस पत्रावळी मांडलेल्या. ओल्या हातांनीच मी पहिलीवर जाऊन बसले. रडू येत होतं, पण तिच्यापुढे कोणत्या तोंडाने रडू?

चतुराबाई लंगडत आली. आधी भात वाढला, मग वरणाचं भगोणं घेऊन माझ्यापुढे वाकली.

“भातावर घालू का बाजूले, प्रयागे?” तिने विचारलं.