कलम लिहिणाऱ्या बाईंचा कूलर

मित्रांनो, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या बंद घराच्या खिडकीला टेकून राखाडी पत्र्याचा एक कूलर उभा आहे. तो मी. माझे तोंड घरात आहे आणि पाठ रस्त्याकडे. अंगावरचा रंग जागोजागी उडाला आहे, पायांना गंज चढला आहे आणि टाकीत पाण्याऐवजी कडुनिंबाची वाळकी पाने साचली आहेत. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतही नाहीत. तुम्ही थांबलात, म्हणून सांगतो.

माझा जन्म इथल्याच नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. धोंडबा नावाच्या कारागिराने पत्रा कापून, ठोकून मला उभे केले. तिन्ही बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या बसवल्या, आत पंखा आणि पाण्याची मोटर लावली. पहिल्यांदा माझ्यात पाणी सोडले तेव्हा सगळ्या कारखान्यात खसाचा वास पसरला. धोंडबा शर्टाची बटणे उघडून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा गा! हा तं मे महिन्यालेही घाबरत नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

शामलाबाई देशकर आणि त्यांचे यजमान मला या घरी घेऊन आले. शामलाबाई सरकारी नोकरीत होत्या आणि त्यांचे काम मोठे वेगळे होते. विधानसभेत कायदा मंजूर होण्याआधी तो कुणीतरी शब्दाशब्दाने लिहावा लागतो. ते लिहिणे म्हणजे त्यांचे काम. शेजारच्यांना वाटे, या वकील आहेत. मग कुणी भाडेकरूचे भांडण घेऊन येई, कुणी वाटणीचे. त्या हसून म्हणत, "मी भांडत नाही हो, मी फक्त लिहिते."

पुढे त्या निवृत्त झाल्या. यजमान वारले. मुलगी रीना पुण्याला नोकरीला होती, ती रविवारी फोन करी. उन्हाळ्यात घरात दिवसभर आवाज असे तो माझाच. शामलाबाई माझ्यासमोरच्या टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत आणि बातमीतले एखादे वाक्य चुकले असेल तर मोठ्याने दुरुस्त करत. ऐकायला मीच होतो. रात्री मला बंद करताना त्या माझ्या पत्र्यावर हात टेकून क्षणभर उभ्या राहत. कधी कधी मला वाटे, मी बंद झालो की येणाऱ्या शांततेची त्यांना भीती वाटते.

अशातच त्यांना पुन्हा बोलावणे आले. सगळ्या देशातली आरोग्यव्यवस्था सुधारायची ठरली होती. दिल्लीहून आराखडा आला होता आणि प्रत्येक राज्याने त्याला धरून आपापला कायदा करायचा होता. त्यासाठी नेमलेल्या समितीने शामलाबाईंकडे त्या कायद्यातले एक प्रकरण लिहायला सोपवले. एका दवाखान्याने अत्यवस्थ रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचे असेल, तर काय काय करायचे, याचे ते प्रकरण होते. त्या दिवशी शामलाबाईंनी टेबल पुसले, चष्मा पुसला, माझ्या जाळ्यांत नवीन खस भरून घेतला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकले.

समितीने नागपुरात लोकांचे म्हणणे ऐकायला एक सभा घेतली होती. तिच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, फाटक वाजले. दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. सोबत त्यांचा मुलगा नागसेन होता, पण तो आत आला नाही. तो माझ्या मागे, भिंतीच्या सावलीत थांबला.

"जयभीम, बाई. मी इंदूबाई. कुहीकडच्या खेड्यातून आली. काल सभेत माहा नंबरच नाही आला. सायेब म्हणे, टाइम संपला. तिथल्या चपराश्यानं तुमचं घर सांगतलं."

शामलाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. इंदूबाई बोलू लागल्या, पण त्यांचा आवाज फार बारीक होता आणि माझा फार मोठा. तेव्हा शामलाबाई उठल्या आणि त्यांनी मला बंद केले. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी कुणी कूलर बंद करत नाही, मित्रांनो.

"माही सून, मोनाली. दिवस भरले होते तिचे. रक्त जाऊन राहिलं होतं, म्हणून गावाजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, नागपूरले न्या. बस, इतकंच. कुठं न्या, कोणापाशी न्या, काही नाही. गाडी नाही देल्ली, फोन नाही केला. आमी ऑटो केला. इथं एका दवाखान्यात म्हणे खाट नाही. दुसऱ्यात म्हणे रक्त नाही. ऑटोत ती माहा हात धरून होती. म्हणे, आई, मले घरी घेऊन चाला नं. तिसऱ्या दवाखान्याच्या फाटकात गेली, बाई. पोटातलं लेकरूही गेलं."

नागसेनने माझ्या पत्र्याला पाठ टेकली होती. ती पाठ थरथरत होती आणि मी बंद असूनही माझा पत्रा तिच्याबरोबर हलत होता. आतल्या दोघींना ते दिसत नव्हते.

"त्या डॉक्टरले जेलात टाकणारा कायदा लिवा, बाई," इंदूबाई म्हणाल्या.

"लिहिते," शामलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी ते कलम किती वेळा लिहिले आणि खोडले, ते मी पाहिले आहे. शेवटी एका सकाळी त्यांनी ते मोठ्याने वाचले: "रुग्णास दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवणारे रुग्णालय, ते दुसरे रुग्णालय रुग्णास प्रत्यक्ष ताब्यात घेईपर्यंत, त्याच्या देखभालीस जबाबदार राहील." खाली पोटकलमे होती. निघण्याआधी समोरच्या डॉक्टरशी बोलून त्याचा होकार घ्यायचा, गाडी द्यायची, गाडीसोबत माणूस द्यायचा. हे केले नाही तर तुरुंगवास.

इंदूबाई अधूनमधून येऊ लागल्या. त्यांची बहीण नागपुरात होती. तिच्याकडे आल्या की त्या इकडे चक्कर टाकत. कधी शेतातले तांदूळ आणत, कधी नुसत्याच येत. "झालं का लिवून?" असे विचारत आणि मग दुसऱ्याच गोष्टी बोलत. मोनालीला हिरवा रंग आवडे, ती सासऱ्यांशी कशी वाद घाले, नागसेन आता कसा जेवत नाही. शामलाबाई ऐकत राहत. आता त्या चहा ठेवताना दोन कप आधीच काढून ठेवत. इंदूबाई आल्या नाहीत, तर दुसरा कप तसाच पालथा राही.

मग एक दिवस समितीचे सचिव गौरांग आले. तरुण अधिकारी, स्वभावाने चांगले. त्यांनी कागद पुढे ठेवला.

"मॅडम, सगळं तुमचंच ठेवलंय. फक्त एक शब्द वाढवलाय."

"कोणता?"

"'शक्यतो'. 'शक्यतो जबाबदार राहील.' दवाखान्यांच्या संघटनेचा फार आग्रह आहे. नाहीतर ते विधेयकच अडवतील."

शामलाबाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. "गौरांग, तुम्हीही कलमं लिहिता. हा शब्द घातल्यावर कलमात काय उरतं, ते तुम्हीच सांगा."

गौरांगनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "काही उरत नाही. पण मॅडम, एक सांगू? हे संघटनेचं नाही, माझं म्हणणं आहे. तुमच्या कलमात तुरुंग आहे. गावात डॉक्टर एकटा असतो. पाठवताना काही चुकलं तर जेल, हे कळल्यावर तो अवघड रुग्णाला आत घेणारच नाही. दारातूनच परत पाठवेल. मग तुमचं कलम त्या रुग्णाला लागूच होणार नाही."

शामलाबाई खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत बसल्या. माझी हवा त्यांच्या तोंडावर येत होती, तरी कपाळावर घाम होता.

"तुरुंग काढला, तर 'शक्यतो' निघेल?"

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. आत्ता अध्यक्षांना फोन लावा. माझ्यासमोर बोला."

गौरांगनी फोन लावला. बराच वेळ बोलणे झाले. तुरुंगाच्या जागी दवाखान्याचा परवाना रद्द करण्याची शिक्षा आली आणि 'शक्यतो' हा शब्द शामलाबाईंनी स्वतःच्या हाताने खोडला. गौरांग गेल्यावर त्या कितीतरी वेळ हातात पेन धरून बसल्या होत्या. त्यांनी जे वाचवले ते मोठे होते. पण जे सोडले, ते इंदूबाईंना सांगायचे होते.

इंदूबाई आल्या, तेव्हा शामलाबाईंनी काही लपवले नाही.

"म्हणजे त्या डॉक्टरले काहीच होत नाही?"

"इंदूबाई, नवा कायदा आधी घडलेल्या गोष्टीला शिक्षा देऊ शकत नाही. तुरुंग ठेवला असता, तरी तो त्या डॉक्टरला झाला नसता. तुम्ही पहिल्या दिवशी आलात, तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. तुमच्याकडे बघून मला सांगवलं नाही."

इंदूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "तं मंग मी काहून येत होती इथं, इतके दिवस?"

"पुढच्या बाईसाठी."

"माही तं गेली नं, बाई," इंदूबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून उठल्या. फाटक त्यांनी आपटले नाही. हळूच लावून घेतले. ते आपटले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. शामलाबाई काही दिवस दोन कप काढत राहिल्या, मग एकच काढू लागल्या. पावसाळा लागला. माझी टाकी रिकामी केली गेली आणि माझ्यावर प्लास्टिक बांधले गेले. कूलरचे असेच असते. लोकांना चार महिने आमच्याशिवाय चैन पडत नाही, उरलेले आठ महिने आम्ही नुसती अडचण. एरवी मला त्याचे काही वाटत नसे. पण त्या वर्षी हिवाळी अधिवेशन इथेच, नागपुरात भरले, विधेयक तिथे मांडले गेले, आणि मी प्लास्टिकच्या आत होतो. घरातला टीव्ही दुरून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येई. कायदा मंजूर झाला, एवढे मला कळले, कारण शामलाबाई फोनवर रीनाला म्हणाल्या, "हो, झाला. शब्द तसाच राहिला." मग म्हणाल्या, "नाही गं, इथे कोण येणार पेढे खायला."

त्या हिवाळ्यात त्या घरातच पडल्या. पायाचे हाड मोडले. रीना आली, सामान बांधले आणि आईला पुण्याला घेऊन गेली. निघताना शामलाबाई कुबडीवर खिडकीपाशी आल्या होत्या. प्लास्टिकवरून त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मग कुलूप लागले.

एक उन्हाळा गेला. मला कुणी उघडले नाही. आजूबाजूच्या घरांत एसी लागले. त्यांची गरम हवा माझ्या पाठीवर येई. दुसऱ्या उन्हाळ्यात वाऱ्याने माझे प्लास्टिक फाटले आणि मला पुन्हा रस्ता दिसू लागला. एवढ्यावरच मी समाधान मानले.

त्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, फाटक वाजले. इंदूबाई होत्या. बऱ्याच थकलेल्या दिसल्या. त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी होती आणि तिच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेले तान्हे बाळ. कुलूप पाहून त्या थबकल्या. शेजारच्या घरी काम करणाऱ्या प्रयागबाई अंगण झाडत होत्या.

"काहून वं, बाई नाहीत का घरी?"

"नाही. पोरीपाशी गेल्या, पुण्याले. दीड वर्ष होत आलं."

"नंबर आहे का त्यायचा?"

"माह्यापाशी नाही. या घरच्या लोकायपाशी असंन, पण ते गावाले गेले." प्रयागबाईंनी विचारले, "काय काम होतं?"

"काम काही नाही," इंदूबाई म्हणाल्या. "सांगाचं होतं."

मग त्या माझ्याजवळ, खिडकीच्या सावलीत बसल्या आणि प्रयागबाईंनाच सांगू लागल्या. सोबतची मुलगी त्यांच्या दिराची सून होती, दीक्षा. तिलाही बाळंतपणात तसाच त्रास झाला. तेच गाव, तोच दवाखाना, तेच डॉक्टर.

"मी तं समजली, गेली आता हेही. पण डॉक्टरनं फोन लावला वं. समोरच्याचं नाव विचारलं, खाट आहे का विचारलं, रक्त तयार ठेवा म्हणे. गाडी देल्ली. गाडीत नर्स देल्ली. ते नर्स इथं पोहोचल्यावरही जाऊन नाही राहिली. मी म्हटलं, जा नं आता, पोरी. तं म्हणे, नाही आजी, हिले आत घेत पर्यंत मले जाता येत नाही, कायदा आहे."

इंदूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी बाईले लय टोचून बोलली होती."

दीक्षाचे बाळ रडायला लागले. दोघी उठल्या. जाण्याआधी इंदूबाईंनी पिशवीतून तांदळाची पुरचुंडी काढली, बंद दाराकडे पाहिले आणि ती प्रयागबाईंच्या हातात दिली. "ठेवा तुमीच."

मित्रांनो, तेव्हापासून ही गोष्ट माझ्याजवळ आहे, आणि ती माझी नाही. हे घर विकायला काढले आहे, असे ऐकतो. नवे लोक आले की मला भंगारात देतील. त्याची मला खंत नाही. पत्र्याचे आयुष्य तेवढेच असते. पण कुणीतरी खोलीत एकट्याने बसून एखादे वाक्य नीट लिहिते आणि त्यामुळे दूरच्या गावातली मुलगी जिवंत घरी परतते, हे त्या लिहिणारीला कधीच कळू नये, हे मला सोसत नाही. तुमचे कुणामुळे भले झाले असेल, तर त्यांचे घर उघडे आहे तोवर जाऊन सांगा. मला या खिडकीतून हलता येत नाही. तुम्हाला पाय आहेत.

आणि तुमच्यापैकी कुणी पुण्याला जाणार असेल, तर शामलाबाई देशकरांचे घर शोधा. त्यांना म्हणावे, दीक्षा सुखरूप आहे. मुलगी झाली. तिचे नाव मोनाली ठेवले आहे.