भैरू वाटाड्या नदीकाठी उभा आहे

“ह्यो भैरू वाटाड्या कोन म्हनायचा?”

म्हातारा छापखान्याच्या दारातून सरळ आत आला आणि त्यानं पोस्टकार्डांचा जुडगा कुतुबुद्दीनच्या पुढ्यात ठेवला. ठेवला तोही नेमका छपाईच्या खिळ्यांच्या कप्प्यांवर, जिथं मालकसुद्धा चहाचा कप ठेवायला धजत नसत. एरवी कुतुबुद्दीन खेकसलाच असता. पण कार्डांवरचं अक्षर त्याचं स्वतःचंच होतं, आणि आपल्या खेळाचं कार्ड दिसलं की या माणसाचा चेहरा लगेच उजळायचा.

“भैरू? अवो, आपला इचलकरंजीचा भैरू! बसा की पावणं. तुमाला बी खेळात यायचं हाय व्हय?”

“मी आकारामचा बा. हंबीरराव. कागलकडनं आलोय.” म्हातारा बसला नाही. “आकाराम गेला. म्हैना झाला. कावीळ झालती. मागावर काम करत अंगावर काढली त्यानं. आमाला कळलं तवर सगळं हाताभायेर गेलतं.”

कुतुबुद्दीनच्या हातातला खिळा हातातच राहिला.

म्हाताऱ्यानं जुडग्यातलं वरचं कार्ड काढलं. “ह्ये त्याच्या खोलीवर आलं मागनं. जोडीदारानं गावाकडं धाडून दिलं, शाळंतल्या गुर्जींनी वाचून दावलं. ‘भैरू, नदीला पूर आलाय. दोर तुझ्या हातात आहे. आता काय करतोस?’” त्याला ते पाठच झालं होतं. “पोरगं जाळून आलो मी, आन् तुमी त्याला इचारताय, काय करतोस.”

कुतुबुद्दीन रविवार पेठेतल्या त्या छापखान्यात बावीस वर्षं खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, तालमींची हँडबिलं, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचाच मजकूर. स्वतःचा म्हणावा असा त्याच्यापाशी एक खेळ तेवढा होता. तो त्यानंच रचला होता. कागदावर एक मुलूख काढलेला, त्यात वेस, सात खिंडी, मग एक नदी, आणि नदीपलीकडं अजून कुणीच न पाहिलेलं शहर. ज्याला खेळायचं त्यानं एक सोंग घ्यायचं, वैद्याचं, चोराचं, जादूगारणीचं, वाटेल ते. मग महिन्याला एक कार्ड टाकून आपण काय करतो ते कळवायचं. कुतुबुद्दीनची बायको रशिदा कवड्या टाकायची, त्या जशा पडतील तसं पुढचं ठरायचं, आणि तो ज्याला त्याला उलट टपाली कळवायचा. स्वतः तो कवड्यांना हात लावत नसे. लिहिणाराच कवड्या टाकायला लागला की लबाडी आलीच, असं त्याचं म्हणणं होतं.

एकवीस जण खेळत होते. त्यातल्या बहुतेकांचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. भैरूचं सोंग घेणाऱ्या आकारामचंही नाही. पण तिसऱ्या खिंडीत भैरूला साप चावला, तेव्हा या गृहस्थाला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. मालक म्हणायचे, कुतुबला खूळ लागलंय. तसं ते होतंच.

त्या दिवशी त्यानं हे सगळं म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. नवख्यांसाठी त्यानं उरल्यासुरल्या कागदावर एक पान छापून ठेवलं होतं, पण ज्याला वाचता येत नाही त्याला पान देऊन काय करणार? म्हातारा मन लावून ऐकत होता.

“जितलं तर काय मिळतंय?”

“काय न्हाय.”

“आन् हारलं तर?”

“त्ये बी काय न्हाय.”

“मग कशापायी खेळायचं?”

इतक्या वर्षांत कुतुबुद्दीनला हे कुणी विचारलंच नव्हतं. रशिदानंसुद्धा नाही, आणि ती काही विचारायचं शिल्लक ठेवणारी बाई नव्हती.

“म्हंजे तुमच्या ह्या मुलखात त्यो अजून हुभा हाय,” म्हातारा सावकाश म्हणाला.

“व्हय, आबा. नदीच्या अल्याड. पाच मानसं दोर धरून पान्यात उतरल्यात. दोराचं टोक भैरूच्या हातात हाय. त्यो सैल सोडील तशी ती पुढं सरकायची.”

“त्याला कळलंय का, त्यो गेलाय म्हनून?”

“न्हाय आबा. भैरूला कसं कळंल?”

म्हातारा आता बसला. कागदाच्या गठ्ठ्यावर, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. मग म्हणाला, “आता त्याचं मी चालवतो.”

नवख्यांच्या पानावर चौथा नियम ठळक खिळ्यांत छापलेला होता. ज्याचं सोंग त्यानंच चालवायचं, आणि तो गेला की सोंगही गेलं. कुतुबुद्दीननं हा नियम आजवर एकदाही मोडला नव्हता. सख्ख्या मेव्हण्यासाठीसुद्धा नाही, त्यापायी सासुरवाडीला चार वर्षं अबोला होता. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून ते सांगायला जीभ वळेना.

“चालवा की,” तो म्हणाला. चूक झाली ती इथंच.

पुढच्या महिन्यात कार्ड आलं, गुरुजींच्या वळणदार अक्षरात. ‘भैरू उभा आहे. दोर सोडलेला नाही.’ त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या कार्डात खाली एक ओळ जास्त होती, ‘तिथे थंडी असल्यास घोंगडे द्यावे.’ कुतुबुद्दीननं घोंगडं दिलं. आता भैरूनं दोर थोडा सैल सोडायला हवा, लोक खोळंबलेत, असं त्यानं हळुवार शब्दांत लिहून पाहिलं. उत्तर आलं, ‘सैल सोडताना पाय घसरला तर काय करावे? उभा आहे.’

इकडं पाण्यातली माणसं कंटाळली. त्यांत गडहिंग्लजचा बाळासो होता, सरकारी कचेरीतला मिशाळ कारकून, खेळात मात्र जादूगारीण. तो रजा टाकून थेट छापखान्यात आला.

“चार म्हैनं झालं, कुतुबभाई! गळ्याएवढ्या पान्यात हाय मी. त्यो भैरू काय मेला काय?”

“व्हय,” कुतुबुद्दीन म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

बाळासोनं टोपी काढली, पुन्हा घातली. “वाईट झालं. लई वाईट,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “पर आमी काय करायचं? आमी बी हुभंच ऱ्हायाचं?”

त्याचंही काही चुकत नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि त्यामुळंच कुतुबुद्दीनचा जीव मेटाकुटीला आला होता. महिन्याला येणारी कार्डं कमी होत गेली. एकविसांचे सोळा झाले, सोळांचे अकरा. पोस्टमन आला की तो हातातलं काम टाकून उठायचा आणि एक-दोन कार्डं घेऊन परत बसायचा. त्याचा मुलूख त्याच्या डोळ्यांदेखत ओस पडत चालला होता. म्हाताऱ्याला ‘आता बास’ म्हणायचं धाडस मात्र त्याला होत नव्हतं.

“कह देव ना उनकू एक बार,” रशिदा म्हणाली.

“क्या कहूं? तुम्हारा बेटा दूसरी बार मर गया, ऐसा कहूं?”

रशिदा कवड्या गोळा करायला लागली.

मग त्यानं जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. रशिदाला कवड्या टाकू न देता त्यानं स्वतःच लिहून टाकलं की पूर ओसरला, पाणी घोट्यावर आलं आणि पाचही जण दोराशिवाय पलीकडं पोचले. कुणाला दोर धरायला नको आणि कुणी बुडायला नको. महिन्याची खबर त्यानं अर्ध्या पानावर छापली आणि सगळ्यांना धाडली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. बाळासोचं खुशीचं कार्ड आलं. वाटलं, सुटलो.

आठव्या दिवशी हंबीरराव दारात उभा. हातात ती खबर, चार घड्या घातलेली.

“ती पाच जनं गेली?”

“गेली की, आबा. आता भैरूला बी तरास न्हाय. दोर धरायला नको, काय नको. सुखात हाय.”

“त्याच्यासंगं कोन हाय?”

हे कुतुबुद्दीनच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या मुलखाची काळजी वाहणाऱ्या या माणसानं भैरूला ओसाड काठावर एकटं सोडलं होतं.

“दवाखान्यात बी एकटाच हुता,” म्हातारा म्हणाला. “यष्टी उशिरा सुटली. आमी गेलो तवर चादर वडलीती.”

कुतुबुद्दीननं घाईनं एक कोरं कार्ड ओढलं. “दुसरी मानसं धाडतो की, आबा. आज धाडतो. चांगली मानसं.”

“वळखीची हायत?”

“... न्हाय.”

“मग मलाच घ्या आत.”

कुतुबुद्दीननं नवख्यांचं पान काढलं. नवा माणूस वेशीतून आत येतो आणि महिन्याला एक मजल मारतो. सातही खिंडी ओलांडून नदी गाठायला आकारामला चार वर्षं लागली होती. समोरच्या माणसाची सत्तरी उलटून गेली होती. कुतुबुद्दीननं मनात चार मिळवले आणि घाईघाईनं म्हणाला, “असं करू आबा, मी लिवतो की हंबीरराव नदीवर पोचले. ह्याच म्हैन्यात. कोन इचारतंय?”

“त्यो चालत गेलता न्हवं?”

“व्हय.”

“मग मी बी चालतच जातो. तसलं लिवू नगा.”

कुतुबुद्दीननं पान पुढ्यात घेतलं आणि सगळ्या नवख्यांना विचारतो ते विचारू लागला. सोंग कुठलं?

“म्हसरं राखनारा.”

बळ काय?

“चालतो मी. अजून चालतोय.”

“आन् आबा, परतेकात एक उणं बी असावं लागतंय. तसा नियमच हाय. तुमचं काय लिवू?”

“पोचायला उशीर हुतो,” म्हातारा म्हणाला.

कुतुबुद्दीननं तसंच लिहिलं.

म्हातारा उठला, धोतर सारखं केलं आणि उंबऱ्याशी थांबला. “वेशीतनं भायेर पडलं की कुनीकडं वळायचं?”

नवख्याला वाट सांगायची नाही, हा खेळाचा पहिला नियम होता.

“उजवीकडं, आबा,” कुतुबुद्दीन म्हणाला. “नदी उजवीकडं हाय.”

“उजवीकडं,” म्हातारा म्हणाला. मग विसरायला नको म्हणून उजवा हात जरासा वर धरून, तोंडानं तेच म्हणत, पायऱ्या उतरून तो दुपारच्या उन्हात चालू लागला.