झाडपदी निवड

लंडनची नाट्यशाळा संपवून सायखेड्याला घरी आलेल्या तेजस्विनीला भरदुपारी तिकडून फोन आला, आणि तिने अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. लंडनच्या मोठ्या संगीत नाटकात तिला काम मिळालं होतं! भूमिका झाडाची होती, पण झाड गाणारं होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे कारभारीनानांनी, म्हशीमागे धावता धावता अख्ख्या गावाला बातमी सांगून टाकली.

सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. फेटा बांधलेली तेजस्विनी आणि खाली ठळक अक्षरं : 'गावच्या कन्येची लंडन येथे झाडपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

ते वाचून तिचा पारा चढला. नाना वरमले. "झाड लिहायला नको व्हतं का गं?"

"झाडाचं सोडा हो नाना! पण बिनविरोध? माझ्या विरोधात चारशे पोरी उभ्या होत्या!"

"चारशे?" नानांची छाती टरारून फुगली. त्यांनी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "अरे, ते बिनविरोध काढ पहिलं. लिही, चारशेच्या चारशे पोरींचं डिपॉझिट जप्त!"