काठाशी नाहीसा होणारा धोटा

मी हातमागावरचा एक जुना धोटा आहे. ऑलिव्हच्या लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता. समुद्राकाठच्या महदिया गावातल्या मुनजी विणकराने मला स्वतः तासले आणि तेल पाजून गुळगुळीत केले. माझ्या पोटात रेशमाची कांडी बसते. त्याचा एक हात मला ताण्याच्या उभ्या धाग्यांतून फेकतो, दुसरा झेलतो. मित्रांनो, अशी पंचवीस वर्षे मी नववधूंची वस्त्रे विणली.

एका दुपारी मी डाव्या काठाशी पोहोचलो, तर मुनजीचा हात भलतीकडेच उघडा होता. मी फरशीवर पडलो. त्याने डावीकडच्या रिकाम्या भिंतीला विचारले, "कोणी घेतला?"

पुढे उजवीकडेही तेच होऊ लागले. तो समोर बघे आणि मी काठाशी पोहोचलो की त्याच्यापुरता नाहीसा होई. मी तर तिथेच असे! राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितले, की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिथे गाठ वाढून डोळ्यांच्या नसा दाबते आहे. नाकातून शस्त्रक्रिया करून त्यांनी ती काढली. घरी येताच मुनजीने मला डावीकडे धरले, उजवीकडे धरले. "दिसतोस रे, दिसतोस!" म्हणत तो लहान मुलासारखा रडला.

गाठ पुन्हा वाढते का हे पाहायला दरवर्षी डोक्याचा फोटो काढायचा होता. तीन वर्षे तो गेला. मग लग्नसराई आली, कामे वाढली, आणि "बरा आहे मी" म्हणून त्याने जाणे सोडले.

सहाव्या वर्षी रमजानात मी पुन्हा पडलो. या वेळी त्याने कोणालाच काही विचारले नाही. मला उचलले आणि मुठीत कितीतरी वेळ दाबून धरले. त्यानंतर तो मागावर बसून हळू आवाजात कोणाशी तरी बोलू लागला. खोलीत तर कोणीच नसे. खिडकीतून समुद्राकाठच्या पांढऱ्या कबरी तेवढ्या दिसत.

एकदा त्याची बायको सालहा भरलेल्या कांड्या घेऊन अनवाणी आली आणि त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहिली. त्याला ती दिसलीच नाही.

"आलीस ना परत?" तो कपाळावर बोटे टेकवून आतल्या गाठीला म्हणाला. "मला ठाऊक होतं. राहा. पण सालहाला कळू देऊ नकोस."

सालहा त्याच्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "काय कळू देऊ नकोस?"

तो इतका दचकला, की मी त्याच्या हातून सुटलो. "तू कधी आलीस?"

"केव्हाची तुझ्या कानाशी उभी आहे. किती दिवस झाले?"

"रमजानपासून."

"चार महिने! आणि मला सांगतोस, चष्मा बदलायचाय!"

"पहिल्या वेळी ऑपरेशनमध्ये काय करतात ते माहीत नव्हतं, सालहा. आता माहीत आहे."

"मग मलाही माहीत आहे. ऊठ, शहाणपणा पुरे."

ती त्याला पुन्हा राजधानीत घेऊन गेली. या वेळी गाठ रक्तवाहिनीला बिलगली होती. सगळी निघाली नाही. उरलेल्या भागाला सहा आठवडे किरण दिले. मी मागावर धूळ खात पडलो होतो. तो परतला तेव्हा उजवी बाजू उजळली होती, डावी मात्र अर्धीच. ग्रंथी थकल्यामुळे रोज सकाळी गोळी आली. चुकली, तर दुपारी त्याला उभेही राहवत नसे. पहिले काही दिवस तो मागासमोर नुसता बसून राही.

मग त्याने मान वळवायला शिकून घेतले. प्रत्येक फेकीला आधी उजवीकडे, मग डावीकडे, नमाजाच्या शेवटी सलाम करताना वळवतात तशी.

"मुनजी, दर धाग्याला नमाज संपवतोस की काय?" उघड्या दारापलीकडच्या मागावरचा म्हातारा हम्मादी ओरडला.

"तुला फुकट सलाम मिळतोय ना, गप्प बस!"

त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी हसला.

गाठीचा तुकडा अजून आत आहे. मुनजी कधी कधी एकदम थांबतो, श्वास रोखतो, जणू ती आत कूस बदलते आहे. तेव्हा तो आता भिंतीशी बोलत नाही. मोठ्याने हाक मारतो, "सालहा, भीती वाटते गं." ती हातातले काम टाकून येते. ती त्याच्या समोर बसते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे गप्प झाले असेल, तर त्याच्या कडेला उभे राहू नका. समोर या आणि त्याला नावाने हाक मारा.